असिसीकर संत फ्रान्सिस व गुब्बियोचा लांडगा

इटली देशांतील असिसी नगरीं एका धनाढ्य कापड-व्यापाऱ्याच्या पोटीं सन ११८१ च्या सुमारास संत फ्रान्सिस यांचा जन्म झाला. तारुण्यांत त्यांस मेजवान्यांचा व शौर्याच्या लौकिकाचा मोठा नाद होता. १२०२ सालीं पेरुजा शहराशीं झालेल्या लढाईंत ते कैद झाले व सुमारें एक वर्ष बंदिवासांत राहिले.

त्यांनीं प्रथम माणसाळविलें तें स्वतःचें मन. कुष्ठरोग्यांची त्यांस विलक्षण किळस वाटे. एके दिवशीं वाटेंत असा एक रोगी दिसतांच ते घोड्यावरून उतरले, त्याच्या हातीं द्रव्य ठेविलें व त्या हाताचें चुंबन घेतलें. पुढें त्यांनीं पित्याच्या संपत्तीचा त्याग करून दारिद्र्यव्रत पत्करिलें.

गुब्बियो नगराची कथा १४ व्या शतकांत ग्रंथित झाली. तेथें एक लांडगा गुरें व माणसें फाडून खाई. वेशीबाहेर पडण्याची कोणाची छाती होईना. संत फ्रान्सिस शस्त्रावांचून त्याजकडे गेले. त्यांनीं त्यास बंधु म्हणून हांक मारिली व त्याचे अपराध त्यास सांगितले. परंतु तो भुकेपायीं असें करितो, हेंही ओळखिलें. मग करार झाला: लांडग्यानें कोणास उपद्रव देऊं नये व नगरानें त्यास नित्य अन्न द्यावें. संतांनीं लोकांसही पश्चात्तापाचा उपदेश केला. पुढें दोन वर्षें तो लांडगा घरोघर फिरून जेवी. तो वृद्धापकाळानें मेला तेव्हां नगरानें शोक केला.

१२१९ सालीं धर्मयुद्ध चालू असतां ते इजिप्तमध्यें सुलतान अल-कामिल याच्या भेटीस निःशस्त्र गेले. सुलतानानें धर्म बदलिला नाहीं. परंतु त्यांचा मान राखून त्यांस सुखरूप परत पाठविलें.

स्वतःच्या देहास मात्र ते गर्दभबंधु म्हणत व उपासतापासांनीं कठोरपणें राबवीत. अखेरच्या आजारांत त्यांनीं त्या देहाचीही क्षमा मागितली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. ३ ऑक्टोबर १२२६ रोजीं ते देवाघरीं गेले. १६ जुलै १२२८ रोजीं पोप नववे ग्रेगरी यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय वाचकहो, माणसाळविणें म्हणजे मोडणें नव्हे. आपल्या घरीं हट्टी लेंकरूं असेल, व्यसनांत बुडालेला भाऊ असेल. त्यास दावें लावण्यापूर्वीं त्याची भूक कोणती, हें आपण विचारिलें आहे काय? आणि करारांतील आपला वांटा उचलण्यास आपण सिद्ध आहों काय? संत फ्रान्सिस आम्हांसाठीं विनंती करोत.