सावित्रीबाईंच्या पत्रातली फातिमा

३ जानेवारी जवळ आली की दर वर्षी आमच्या शाळेत भाषणांची तयारी सुरू होते. एक मुलगी सावित्रीबाई होते, एक फातिमा शेख. मागच्या वर्षी फातिमा झालेल्या सहावीतल्या मुलीने तालमीच्या वेळी मला विचारलं, की टीचर, ह्या दोघी एकमेकींच्या कोण लागत होत्या? मी पटकन सांगून टाकलं, सहकारी. घरी आल्यावर मात्र तो शब्द मलाच फिका वाटला. सरकारी परिपत्रकातला वाटला. मग सावित्रीबाईंचं चरित्र आणि त्यांची पत्रं पुन्हा काढून बसले.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. खंडोजी नेवसे पाटलांची ही लेक. १८४० मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी लग्न झालं. नवरी नऊ वर्षांची, नवरा तेरा वर्षांचा. सासरी आल्यावर जोतीरावांनीच त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. जोतीरावांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर, ज्यांना घरात आऊ म्हणत, त्याही या शिकण्यात सोबत होत्या. पुढे सावित्रीबाईंनी त्यांच्यावर कविता केली. म्हणजे या बाईच्या हातात लेखणी आली तेव्हापासूनच एक बाई शेजारी बसलेली होती.

अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. आजच्या भाषेत डी.एड. म्हणा. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. रस्त्याने जाताना अंगावर शेण पडायचं, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण त्याहून मोठा घाव घरातून बसला. लोकांच्या दबावापुढे सासरे गोविंदराव झुकले आणि १८४९ मध्ये या नवरा-बायकोला घर सोडावं लागलं. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. फातिमा या उस्मानभाईंच्या बहीण.

पुढची तीन-चार वर्षं नुसत्या धावपळीची होती. १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात आणि रास्ता पेठेत, १८५२ मध्ये वेताळ पेठेत, अशा मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या. १८५२ च्या नोव्हेंबरमध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारकडून या कामाचा सत्कार झाला.

आणि या धावपळीतच, १८५४ मध्ये, सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह छापून आला. वय किती? तेवीस. त्यात फुलं-पाखरं आहेत, तसाच शिकण्याचा आग्रहही आहे. पुढच्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला. आपल्या मांग-महार समाजाचं दुःख तिने त्यात मांडलं होतं. लिहिणाऱ्या बाईच्या शाळेत लिहिणारी मुलगी तयार झाली होती.

आता त्या पत्राकडे येते. १८५६ मध्ये सावित्रीबाई फार आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी नायगावला माहेरी गेल्या. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ते वाचायला मिळतं. पत्राचा बराचसा भाग भावाबरोबर झालेल्या वादाचा आहे. भावाने आजारपणात त्यांची सेवा केली, पण महार-मांगांना शिकवता म्हणून नावंही ठेवली. सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे, मुद्देसूद उत्तर दिलं आणि शेवटी त्यालाच आपली चूक कळली. याच पत्रात त्यांनी जोतीरावांना हेही कळवलं, की आपण तिकडे नसल्यामुळे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती समजून घेईल आणि कुरकुर करणार नाही.

एवढंच. फातिमा कोण, कुठली, काय करते, काही खुलासा नाही. घरातल्या माणसाचा खुलासा कोण करतं?

हे वाक्य एखाद्या शिक्षिकेने वाचावं. आमच्यातली एक जण रजेवर गेली की तिचा वर्ग दुसरीच्या माथी येतो. दोन वर्ग, दोन हजेऱ्या, दुप्पट वह्या, आणि वर पालकांची तक्रार ऐकायची ती वेगळीच. रजेवर गेलेलीला अंथरुणात पडल्या-पडल्या दोन काळज्या असतात. पहिली, मुलांचं काय होत असेल. दुसरी, ती माझ्यावर चिडली तर नसेल? सावित्रीबाईंना पहिली काळजी होती, दुसरी नव्हती. ती कुरकुर करणार नाही, हा भरवसा होता. नोकरीतल्या सहकाऱ्याबद्दल असं लिहिता येत नाही, मैत्रिणीबद्दलच येतं. आजारातही एवढं लांब, विचार करून लिहिलेलं पत्र त्यांच्या हातून झालं, त्यात या भरवशाचा हिस्सा नसेल का? लिहिणाऱ्या बाईला कागद आणि शाई तर लागतेच. पण त्याआधी, तिचं काम न बोलता उचलणारी दुसरी बाई लागते.

फातिमांबद्दल हल्ली मोबाईलवर पुष्कळ सजवलेल्या गोष्टी फिरतात. दुसऱ्या बाजूला, अशी कोणी बाई झालीच नाही म्हणणारेही निघाले आहेत. कौमच्या प्रेमापोटी का होईना, आपणही एकाला दोन जोडतो, आणि मग लोक खऱ्या एकावरही शंका घेतात. मला वाटतं, आपल्या मुलींना ते एक वाक्य नीट समजावून सांगावं. मैत्रिणीने मैत्रिणीची केलेली ती नोंद आहे, त्याहून मोठा दागिना कुठला आणायचा?

सावित्रीबाई पुढेही लिहीत राहिल्या. १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून लिहिलेलं पत्र वाचलं तर आजही अंगावर काटा येतो. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी या दांपत्याने घर उघडलं आणि तशाच एका बाईचा मुलगा, यशवंत, पोटच्या पोरासारखा वाढवला. जोतीराव १८९० मध्ये गेले. त्यांच्यानंतर त्यांचं जीवन सांगणारा बावनकशी सुबोध रत्नाकर हा काव्यग्रंथ सावित्रीबाईंनी लिहिला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. यशवंत डॉक्टर झाला होता, त्याने हडपसरजवळ दवाखाना सुरू केला. मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे पोहोचवला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगते. धाकट्याच्या वेळी मी बाळंतपणाच्या रजेवर होते, तेव्हा शेजारच्या वर्गावरच्या मैत्रिणीने माझे चाळीस विद्यार्थी सहा महिने सांभाळले. माझा पहिला लेख छापून यावा म्हणून रात्री बसून त्याची साफ प्रत काढून दिली तीही तिनेच. मराठीत माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका व्हायच्या, त्या ती लाल पेनाने न करता पेन्सिलीने दुरुस्त करायची. मला वाईट वाटू नये म्हणून. लेख आला, लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मी तिला नीट शुक्रिया म्हटल्याचं मला आजही आठवत नाही.

त्या सहावीतल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर बदलून दिलं. म्हटलं, मैत्रिणी होत्या. ती म्हणाली, मग मी तिच्या बाजूला उभी राहू का, मागे नको. आम्ही दोघींच्या जागा शेजारी-शेजारी केल्या.

हा लेख पाठवायच्या आधी त्याच मैत्रिणीला वाचायला दिला आहे. पेन्सिलीच्या खुणा आल्या की दुरुस्त करून पाठवीन.