केडगावची माउली

मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भांडुप नावाचे स्थानक लागते. १८४३ साली जॉर्ज क्लार्क नावाचा एक सरकारी इंजिनिअर ह्या भांडुपास आला असता, येथून घाटापर्यंत आगगाडी नेता येईल ही कल्पना त्याला प्रथम सुचली, असे सांगतात. पुढे दहा वर्षांनी मुंबई ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. हळूहळू तोच मार्ग वाढत गेला. त्याने बोरघाट ओलांडला, पुणे गाठले आणि पुढे तो सोलापूरकडे वळला. ह्याच वाटेवर, पुणे मागे टाकल्यानंतर आणि दौंड येण्यापूर्वी, केडगाव हे लहानसे स्थानक आहे. आज त्या गावाचे नाव ज्यांच्यामुळे दूरदूरच्या देशांत ठाऊक झाले, त्या पंडिता रमाबाईंची ही हकिगत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला स्वतः संस्कृत शिकवले, आणि त्याबद्दल पंडितांचा रोषही सोसला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या आपल्या धाकट्या मुलीस दिली. शास्त्रीबुवांच्या आश्रमात यात्रेकरूंची व विद्यार्थ्यांची सतत वर्दळ असे. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचे नाही हा त्यांचा बाणा होता. परिणामी जे होते ते सारे सरले, आणि कुटुंबाला तीर्थयात्रा करीत गावोगाव पुराण सांगून निर्वाह करावा लागला. तरीही हाती आलेल्या द्रव्यातून दानधर्म चालूच राहिला.

अशा वेळी, १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास श्रोते उरले नाहीत. भांडीकुंडी विकून झाली. घरातील माणसे इतकी विद्वान, परंतु मोलमजुरी कशी करावी हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि हात पसरणे तर त्यांना मरणाहून कठीण वाटे. घेणे म्हणजे हलके होणे, अशीच त्यांची समजूत होती. प्रथम वडील गेले. मग आई अंथरुणास खिळली. ग्लानीत असताना तिने भाकरीचा एक लहानसा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका बाईंच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या. सहस्रावधी श्लोक ज्या जिभेवर नाचत, ती जीभ त्या क्षणी हलेना. शब्द फुटण्याआधी डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईंनी बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन रमाबाई धावत घरी आल्या, पण आईला घास गिळण्याचेही त्राण उरले नव्हते.

आई वारली तेव्हा तिला खांदा देण्यास कोणी येईना. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा मुलगा श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळे तिरडीचा भार त्यांनी खांद्याऐवजी डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत नेला. थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. मग ती दोघे भावंडे हजारो मैल पायी भटकली. उत्तरेत झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसल्यामुळे, वाळूत खड्डे करून त्यांनी आपली शरीरे गळ्यापर्यंत पुरून घेतली आणि रात्री काढल्या.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशी विवाह केला. दीड-पावणेदोन वर्षांतच पटकीने पतीचा अंत झाला, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य ह्यांची गरज प्रतिपादली.

पुढील वर्षी, आपल्या 'स्त्रीधर्मनीति' ह्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन, त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आश्रय दिला. तो त्यांनी नाकारला नाही. पण त्यांनी फुकटचे अन्नही खाल्ले नाही. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवीत आणि स्वतः इंग्रजी शिकत. एकदा त्यांना लंडनमधील एका आश्रमात नेण्यात आले. समाजाने पतित म्हणून झिडकारलेल्या स्त्रिया तेथे राहत असत, आणि भगिनी त्यांची मायेने सेवा करीत. आपल्या देशात अशा स्त्रीला कोणी जवळ करीत नाही, मग ह्यांना हे कसे साधले, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल त्यांना ख्रिस्ताची आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचावयास मिळाली. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी कोणी पिऊ नये असा त्या काळचा दंडक, तिच्याकडेच ख्रिस्ताने विहिरीवर पाणी मागितले होते. ह्या कथेचा रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ह्यामुळे स्वदेशात मोठी खळबळ उडाली. इकडे इंग्लंडातील त्यांच्या हितकर्त्यांसही लवकरच कळून चुकले की, ही बाई आश्रय घेईल, पण त्याबदली आपली विवेकबुद्धी गहाण टाकणार नाही. धर्माच्या बाबतीत काय मानावे आणि काय मानू नये ह्याविषयी रमाबाई त्यांच्याशी निर्भयपणे वाद घालीत. उपकार करणाऱ्यास हे रुचणे कठीणच असते. तरी त्या भगिनींशी त्यांचा स्नेह तुटला नाही.

१८८६ साली दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या, आणि तेथे सुमारे पावणेतीन वर्षे राहिल्या. आपल्या देशातील बालविधवांची स्थिती त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहून मांडली, शहरोशहरी व्याख्याने दिली आणि मदत मागितली. शेजारणीच्या दारात जी जीभ अडखळली होती, ती आता सहस्रावधी परक्या श्रोत्यांसमोर अडखळत नव्हती. तेव्हा एका आईसाठी मागायचे होते. आता कित्येक मुलींसाठी मागायचे होते. बॉस्टन येथे १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि तिने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले.

त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. तेथील मुलींना आपापल्या चालीरीतींप्रमाणे वागण्याची मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली आपण होऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये वादाचे मोहोळ उठले. सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ह्या वादात दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती हे आज आपल्याला दिसते; त्या वेळी मात्र कोणालाही ते दिसणे सोपे नव्हते. रमाबाईंनी सदन बंद केले नाही.

१८९६ साली मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताच रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. हाती पैसा थोडा, सदनात जागा अपुरी, तेव्हा प्रथम त्यांचे मन कचरले. तरी त्या निघाल्या. तेथील मदतछावण्यांतून निराधार मुलींची जी दशा त्यांनी पाहिली, ती उपासमारीहून भयंकर होती. अशा मुलींना फूस लावून नेणारे दुष्ट लोक जागोजाग टपलेले होते. रमाबाईंनी शेकडो मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. जात विचारली नाही. भुकेल्याला दिलेला घास आपल्यालाच पोचतो, ही ख्रिस्ताची शिकवण त्यांनी अक्षरशः खरी मानली होती.

इतक्यात पुण्यात प्लेग आला, आणि शहरात एवढी माणसे ठेवण्यास मनाई झाली. केडगावी रमाबाईंनी पूर्वीच शंभर एकरांच्या सुमारास जमीन घेऊन ठेवली होती. त्या उजाड माळावर प्रथम कच्चा निवारा उभा राहिला, विहिरी खणल्या गेल्या, आणि १८९८ मध्ये 'मुक्तिसदना'च्या पक्क्या इमारतीचे काम सुरू झाले. १९०० साली गुजरातेतील दुष्काळपीडित मुलीही आल्या, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

मुलांनो, दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय, ह्याची नुसती कल्पना करून पाहा! बॉस्टनच्या मंडळींचे दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये पुरे झाले होते. पुढेही परदेशांतून मदत येत राहिली. पण रमाबाईंचा भर आता मनुष्यांकडे याचना करण्यापेक्षा ईश्वराची प्रार्थना करण्यावर अधिकाधिक पडू लागला. कोणी दूरच्या गावची विधवा चार नाणी पाठवी, कोणी श्रीमंत मोठी रक्कम धाडी. दोन्ही त्या सारख्याच कृतज्ञतेने घेत. आलेल्याचा हिशेब चोख ठेवला जाई.

सदनात आलेली मुलगी केवळ घेणारी राहू नये, ही त्यांची दक्षता फार महत्त्वाची आहे. तेथे शेती होती, गाईगुरे होती, माग होते, तेलाचे घाणे होते, शिवणकाम होते, छापखाना होता. आधी आलेल्या मुलींनी नंतर आलेल्यांना न्हाऊमाखू घालायचे, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, लहानांना अक्षरे गिरवायला शिकवायचे, अशी रीत होती. पतित स्त्रियांसाठी 'कृपासदन' निघाले. मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली, आणि त्या बोटांनी वाचू लागल्या. शिक्षण, कारभार, स्वयंपाक, सर्व काही मुख्यतः स्त्रियांच्याच हाती होते.

रमाबाईंना तरुणपणापासूनच कानांनी कमी ऐकू येत असे. तरी उतारवयात त्यांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. खेड्यातील साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या, आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. सरकारने १९१९ मध्ये त्यांना 'कैसर-इ-हिंद' पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाईंचे निधन झाले. जिच्या हाती सदन सोपवायचे, तीच एकुलती एक मुलगी आधी गेली. तेही दुःख गिळून रमाबाईंनी भाषांतराचे काम तडीस नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

ते भाषांतर पुढे केडगावच्याच छापखान्यातून छापून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या स्त्रियांत दुष्काळाच्या वर्षांत उपाशीपोटी त्या माळावर आलेल्या मुलीही होत्या.