ठेवीदाराचा विश्वास आणि चिंतामणराव देशमुख

धानाचे चुकारे हाती पडले, की लाखनीच्या बाजारपेठेतील पतसंस्थांत ठेवींची आवक वाढते. काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम अशाच एका संस्थेत अडकली. रकमेइतकेच त्याला दुःख होते ते याचे, की संचालकांपैकी एकहीजण समोर येऊन हिशेब सांगावयास तयार नव्हता. सहकारी बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हेही त्याला तेव्हाच कळले. अशा वेळी चिंतामणराव देशमुखांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

महाडजवळील नाते येथे १८९६ साली जन्मलेले देशमुख १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. त्यांच्या सेवेची उमेदीची वर्षे गेली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात. आपला भंडारा जिल्हा त्या काळी याच प्रांतात होता. प्रांताचे अर्थसचिवपद सांभाळून १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तो काळ बँका बुडण्याचा होता. १९३८ साली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली होती, आणि युद्धकाळात तुटपुंज्या भांडवलावर बँका काढण्याचे जणू पेवच फुटले. बँकेवर पाटी लावली म्हणजे ती बँक होत नाही, परवाना आणि तपासणी यांचे बंधन तिच्यावर हवे, हे तत्त्व १९४९ च्या बँकिंग कंपनी कायद्याने रूढ केले. हा कायदा झाला तेव्हा गव्हर्नरपदी देशमुखच होते.

अर्थमंत्री या नात्याने त्यांनी केलेली सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण. आधीच्या दशकात पंचवीस विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या होत्या, आणखी तितक्याच कंपन्यांचा व्यवसाय विमेदारांचे नुकसान सोसून दुसरीकडे सोपवावा लागला होता. विधवेच्या हप्त्यांवर सट्टा खेळला जात होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बातमी फुटली तर पैसा पळविला जाईल, म्हणून कमालीची गुप्तता राखण्यात आली, आणि १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला.

तथापि, मालकी सरकारची झाली की विश्वास आपोआप निर्माण होतो, ही समजूत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दोनच वर्षांत मुंधडा प्रकरणाने ती खोटी ठरविली. महामंडळाचा पैसा एका उद्योगपतीच्या डबघाईच्या कंपन्यांत गुंतविला गेला होता. न्यायमूर्ती छागलांनी त्याची उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले. महामंडळाची पत त्या चौकशीने खचली नाही. माझ्या मते ती त्यामुळेच सावरली.

त्याआधीच देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. चौकशीची मागणी फेटाळली गेली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय तर त्यांना अमान्य होताच, परंतु लोकांवर गोळी चालविणाऱ्या शासनाने त्याचा जाबही देऊ नये, हे त्यांना त्याहून असह्य झाले. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. ठेवीदाराला हिशेब मिळावा म्हणून जो आग्रह त्यांनी धरला, तोच येथे नागरिकासाठी धरला. महाराष्ट्राने त्यांच्या त्यागाचा जयजयकार केला खरा, पण त्यातील चौकशीचा मुद्दा मात्र सोयीस्करपणे बाजूस राहिला.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असताना, १९५९ साली, उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी कायमस्वरूपी न्यायाधिकरण असावे, अशी सूचना त्यांनी जाहीरपणे केली. नेहरूंनी ती स्वीकारली नाही. देशमुख १९८२ मध्ये निवर्तले. पहिल्या लोकपालांची नेमणूक व्हावयास २०१९ साल उजाडले.