दृष्टांताचे मर्म उकलणारे आचार्य : श्रीकेशिराज व्यास

परमार्गाच्या शास्त्राचे अध्ययन करणाऱ्या साधनवंतास केशिराज व्यास, अर्थात केसोबास, हे नाव नित्य परिचयाचे आहे. सूत्रपाठ कंठस्थ करताना आणि दृष्टांतपाठाचे निरूपण ऐकताना आपण त्यांच्याच परिश्रमाचे फळ सेवन करीत असतो. तथापि वचनातील अलंकार कोणता, त्याचा अभिप्राय कोठवर घ्यावा आणि कोठे थांबावे, याविषयी त्यांनी घालून दिलेली शिस्त मात्र आपल्या लक्षात क्वचितच येते. त्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचे अवलोकन येथे करावयाचे आहे.

केसोबास हे संस्कृत विद्येत निष्णात पंडित होते. श्रीनागदेवाचार्यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले, त्या वेळी या विद्येचा संस्कार घेऊनच ते आले होते. त्यांच्या आचार्यसन्निधानातील प्रसंग स्मृतिस्थळात नोंदलेले आहेत. एकदा दामोदर पंडित व केसोबास या उभयतांनी आचार्यांना शास्त्रीय प्रश्न संस्कृताच्या परिभाषेत विचारला. आचार्यांनी ती पंडिती भाषा बाजूस सारून, सर्वज्ञांनी आपणांस मराठीतूनच निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच पुसावे, असे सांगितले. विद्वानास हा बोध सहज पचणारा नव्हे. केसोबासांनी तो आयुष्यभराचा दंडक मानला.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपुरी लीळाचरित्राचे संकलन सिद्ध केले. लीळांमध्ये स्वामींची वचने प्रसंगांच्या ओघात विखुरलेली होती. ती निवडून केसोबासांनी सूत्रपाठाची मांडणी केली. स्वामींनी निरूपणात सांगितलेले ११४ दृष्टांत एकत्र करून त्यांनी दृष्टांतपाठ रचला. त्यातील प्रत्येक प्रकरणाची अंगे तीन : सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे. दार्ष्टांतिक मात्र केसोबासांचे. हे तिसरे अंग कशासाठी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

साहित्यशास्त्रात उपमेची चार अंगे सांगितली आहेत : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द. उपमेय व उपमान यांचा अभेद कल्पिला की रूपक होते. दृष्टांत अलंकारात वाचक शब्द नसतो. दोन स्वतंत्र वाक्यांत बिंब-प्रतिबिंबभाव असतो आणि साम्य श्रोत्याने स्वतः ओळखावयाचे असते. न्यायशास्त्रातील दृष्टांताचे लक्षण निराळे. ज्या वस्तूविषयी सामान्य जन आणि परीक्षक या दोघांची बुद्धी एकच असते, तो दृष्टांत. स्वामींचे दृष्टांत गाव, शेत, घर आणि बाजार यांतून आलेले असल्यामुळे ते या दुसऱ्या लक्षणास तंतोतंत उतरतात.

परंतु सोपी गोष्ट ऐकताना एक धोका संभवतो. श्रोता कथेतच रमतो, अथवा कथेतील प्रत्येक तपशिलास सिद्धांत चिकटवू पाहतो. जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत घ्यावा. एकेक आंधळा एकेक अवयव चाचपतो आणि तेवढ्यालाच हत्ती समजतो. या दृष्टांताचा रोख अंशालाच पूर्ण मानणाऱ्या भ्रमावर आहे. येथे कानाला अमुक तत्त्व आणि शेपटीला तमुक तत्त्व अशी जुळणी कोणी करू लागला, तर तोही एक अवयव चाचपणाराच ठरेल. परमेश्वरास देह, वजन व रंग आहेत असा अर्थ काढणे तर सर्वस्वी अनर्थकारक होय. दृष्टांत एकदेशी असतो. ज्या धर्मापुरते साम्य विवक्षित आहे, तेवढेच घ्यावयाचे. तो विवक्षित धर्म दाखवून देणे हेच दार्ष्टांतिकाचे प्रयोजन. केसोबासांनी आपले सारे पांडित्य या काही ओळींत ओतले आणि स्वतः मात्र आड राहिले.

त्यांचे समकालीन भास्करभट्ट बोरीकर यांच्या शिशुपालवधात अलंकार रसाची शोभा वाढवितात. काव्यात ते उचितच आहे. केसोबासांनाही काव्यरचना वर्ज्य नव्हती. संस्कृतातील रत्नमालास्तोत्र आणि मराठी ओवीबद्ध मूर्तिप्रकाश ही त्यांचीच. पण शास्त्रनिरूपणात अलंकार हा अर्थाचा सेवक असला पाहिजे, हा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत कसोटीचा प्रसंग भाषेचाच आहे. शास्त्रप्रकरणे संस्कृतात करावीत, असे त्यांच्या मनात आले. संस्कृतात ग्रंथ झाला असता, तर देशोदेशीच्या पंडितांत त्यांची ख्याती झाली असती. आचार्यांनी त्यांना थोपविले. मार्गातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील, एवढेच कारण त्यांनी दिले. केसोबासांनी तो संकल्प सोडला. ज्या दृष्टांताविषयी सामान्य जन व परीक्षक यांची बुद्धी एक असावी लागते, तो सामान्यांस न कळणाऱ्या भाषेत नेला असता, तर त्याचे दृष्टांतपणच उणे झाले असते. आचार्यांची करुणा आणि शास्त्राचे लक्षण येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

पुढील पिढ्यांनी सूत्रांवर आणि दृष्टांतांवर विपुल भाष्यग्रंथ रचले. मठांतून आणि आश्रमांतून त्यांचे निरूपण आजही चालते. निरूपणकर्त्याने दृष्टांत रंगवून सांगावा, त्यास प्रत्यवाय नाही. मात्र तो सांगून झाल्यावर सूत्राकडे परत यावे, साम्य कोणत्या धर्मापुरते ते स्पष्ट करावे, आणि सभेतील सर्वांत वृद्ध बाईस ते उमगले की नाही, हे पाहावे. तिला उमगले, तर केसोबासांचा परिश्रम सार्थकी लागला असे समजावे.