तारण नसलेला विद्यार्थी

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. अर्जदाराची ऐपत, तारण, जामीनदार आणि आजवरचा लौकिक पाहायचा, मग सही करायची, असा शिरस्ता. त्या शिरस्त्यात डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा अर्ज कुठल्याही बँकेत टिकला नसता.

आंध्रातल्या भीमवरम येथे १८९५ साली, बेताच्या परिस्थितीतल्या घरात त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना अंगावर खादी आली आणि इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली. एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी हाती पडली. त्याआधीच दोन भाऊ संग्रहणीच्या जातीच्या 'स्प्रू' या रोगाने दगावले होते. या रोगांचा छडा लावायचा, ही ओढ तिथूनच लागली.

उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा अभ्यास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात होत असे. तिथे प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मात्र नाही. तेव्हा सासरे पाठीशी उभे राहिले. काकीनाड्याच्या सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने मदत दिली. त्या पैशांवर १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सुब्बाराव बोस्टनला पोहोचले. पैसा पुरेना, म्हणून रात्री इस्पितळात हमालाचे काम केले आणि दिवसा अभ्यास.

पुढचा हिशेब थक्क करणारा आहे. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत त्यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२५ मध्ये दिली. स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या ए.टी.पी. या द्रव्याचा शोध १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. ते स्प्रूवर गुणकारी ठरले. भावांना मात्र पंचवीस वर्षे उशीर झाला होता. हत्तीरोगावरचे डी.ई.सी. हे औषधही तिथलेच. विदर्भातल्या गावांत आरोग्य कर्मचारी हत्तीरोगाच्या मोहिमेत ज्या गोळ्या समोर उभे राहून गिळायला लावतात, त्यांतली एक हीच.

काकीनाड्याच्या संस्थेने व्याज मागितले असते, तर ते किती झाले असते? पण ते दान होते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभारला, त्यामागेही दूरचेच पाहणे होते. आरोग्याच्या संशोधनाचे फळ देणाऱ्याच्या हयातीत येतेच असे नाही आणि गुणपत्रिकेवरून ते ओळखूही येत नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी अशा अभ्यासासाठी परदेशी जायचे म्हणेल, तेव्हा टक्क्यांच्या जोडीला त्याची ओढही वाचावी.

एक खाते मात्र मिटले नाही. थोड्या वर्षांत परततो, असे पत्नी शेषगिरी यांना सांगून सुब्बाराव निघाले होते. मागे मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला. सुब्बाराव परतलेच नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, अमेरिकेतच त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९९५ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. त्यांच्या शिक्षणासाठी ज्यांनी ज्यांनी दिले, त्यांत सर्वांत मोठी रक्कम शेषगिरींची होती, आणि ती कुठल्याच वहीत लिहिलेली नाही.