डोंबिवलीचे नाव लावणारे आकडे

डोंबिवली स्थानकावर सकाळच्या गाडीसाठी रेटारेटी करताना कुणाला सांगितले, की गणितातल्या एका संख्याकुळाला या स्थानकाचे नाव आहे, तर तो हसेल. मीही हसलो होतो; आणि मी तर इथे गणित शिकवत होतो!

ते नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. त्या संख्यांची कल्पना त्यांना इथेच सुचली, म्हणून स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून त्या ‘डेम्लो संख्या’ झाल्या. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, ही त्यांतली देखणी भावंडे.

कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही. त्यामुळे अनेक विद्वानांना त्यांचा आकड्यांचा नाद क्षुल्लक वाटे. १९४९ साली त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. वाचकहो, कागद घ्या. १९९५चे अंक उतरत्या क्रमाने ९९५१, चढत्या क्रमाने १५९९, वजाबाकी ८३५२. पुन्हा तेच करा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४! चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिले आणि जगाला मास्तर कळले. १९८६ साली ते गेले.

गणितात एक गमतीदार पेच आहे. संख्यांचे ‘रंजक’ आणि ‘नीरस’ असे दोन गट करा. नीरस गटातली सर्वांत लहान संख्या, ‘पहिली नीरस’ या मानामुळेच, रंजक ठरते! तिला तिथून हलवावे, तर पुढची तोच हक्क सांगते. दोन कप्प्यांची वाटणी अशी फसते. पोलंडच्या लुकासिएविच यांनी १९२० साली खरे आणि खोटे यांच्यामध्ये तिसरे मूल्य मांडले. उद्याविषयीचे विधान आज खरेही नसते, खोटेही नसते. ते अजून ठरायचे असते.

माझ्या वर्गात एक मुलगा वहीच्या समासात सतत आकडे मांडत बसे. काय मांडतोस, असे मी कधी विचारले नाही. लाल शाईने ‘निरर्थक’ असा शेरा मारला आणि त्याने ते थांबवले. कापरेकर मी फार उशिरा वाचले. तिसरा शेराही असतो, हे तेव्हा मला ठाऊक असते, तर निदान त्याची वही मी नीट पाहिली असती.