सरावाची बंदूक आणि शिरढोणचा कारकून

न्हावा शेवा बंदराकडे जाणारा रस्ता पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघतो. नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त मी बंदराच्या परिसरात काही वर्षे होतो. कंटेनर वाहणाऱ्या लांबलचक ट्रेलरांच्या मागे मागे रोज त्या रस्त्याने जायचे आणि यायचे. फाट्यावरून उजवीकडे पाहिले, की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसे. त्याच्या अलीकडे, मुंबई–गोवा रस्त्यालगत, शिरढोण नावाचे गाव आहे. ते वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव, एवढे शाळेत पाठ केलेले आठवत होते. त्यापलीकडे काही नाही. त्या गावाकडे मला नेले ते एका छऱ्याच्या बंदुकीने!

त्याचे असे झाले. बंदरावर माल सोडवण्याच्या धंद्यात उभी हयात घालवलेले माझे एक स्नेही आहेत. निवृत्तीनंतर माणसे बागकाम करतात, तीर्थयात्रा करतात. यांनी जुन्या छऱ्याच्या बंदुका जमवायला घेतल्या. जत्रेत फुगे फोडायच्या नव्हेत, तर सैनिकी सरावासाठी बनवलेल्या. दिसायला हुबेहूब लष्करी रायफल, वजनही तसेच, पण आत दारूऐवजी स्प्रिंग आणि दाबलेली हवा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या बीएसए कारखान्याने अशी एक बंदूक काढली होती. १९३३ च्या सुमारास जर्मनीच्या हेनेल कारखान्याने काढलेल्या बंदुकीला तर खऱ्या रायफलीसारखा बोल्टही होता. गोळीचा खर्च नको, आवाज नको, जिवाला धोका कमी; हाताला मात्र वळण लागले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

असे एखादे गंजके धूड त्यांच्या ओसरीवर येते आणि महिना महिना तिथेच पडून राहते. दट्ट्याचा चामडी वॉशर वाळून काष्ठ झालेला असतो. तो तेलात भिजवून मऊ करायचा, नाहीतर नवा कापायचा. थकलेली स्प्रिंग बदलायची. गंज हळुवार पुसायचा, पण पोलादावरची मूळ निळसर झाक खरवडायची नाही. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल हाताने चोळायचे. एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. आणि मोकळी बंदूक कधी झाडायची नाही. आतला दट्ट्या आदळून फुटतो.

एकदा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि नळीच्या टोकाची माशी समोरच्या नारळावर धरून मिनिटभर उभे राहायला सांगितले. अर्ध्या मिनिटात माझा हात थरथरू लागला. स्नेही हसले. म्हणाले, नेम धरायचा तर आधी श्वास धरता आला पाहिजे, आणि त्याला वर्षे जातात. मग सहज त्यांनी शिरढोणचा विषय काढला. आपल्या शेजारच्या गावचा एक कारकून दिवसा सरकारी हिशेब लिहीत होता आणि कचेरीबाहेरच्या वेळात हेच शिकत होता, हे मला ठाऊक होते का? कारकून हा शब्द माझ्या कानाला चिकटला. जन्मभर मीही तेच केले होते. पुढच्या रविवारी मी शिरढोणला गेलो, आणि मग मिळेल ते वाचत गेलो.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि किल्लेदाराच्या घरात उरल्या त्या आठवणी. नातू त्या ऐकत वाढला. कल्याणला आणि मुंबईला थोडे इंग्रजी शिकला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोकरीला लागला. आधी मुंबईत एक-दोन ठिकाणी, मग पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात. तिथे सुमारे पंधरा वर्षे गेली. ज्या सैन्याशी पुढे लढायचे, त्याच सैन्याचे जमाखर्च हा माणूस इमानाने लिहीत होता!

मग आली ती रजेची गोष्ट. १८७० च्या सुमारास आई शिरढोणला अत्यवस्थ झाली. वासुदेवरावांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. अखेर रजेवाचूनच ते गावी धावले. पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धासाठी पुन्हा अर्ज केला, तोही नाकारला गेला. त्यांनी वरपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. रजेचा अर्ज ही काय चीज असते, हे नोकरदारालाच कळते. माझ्या उमेदीच्या काळात एका वरिष्ठांनी माझा असाच एक अर्ज वर्षअखेरीच्या कामाखाली दाबून ठेवला होता. माझी आई वाचली म्हणून मी ते विसरलो, एवढेच. पुढे स्वतः शाखा सांभाळू लागलो तेव्हा घरच्या आजारपणाचा अर्ज टेबलावर एक रात्रही राहू दिला नाही. माझे बंड तेवढ्यातच संपले. फडक्यांचे तिथून सुरू झाले.

मात्र आईसाठी चिडलेला मुलगा एवढेच त्यांचे चित्र काढले तर अन्याय होईल. चीड ओसरते, ती जपून ठेवायला अभ्यास लागतो. याच काळात ते न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने ऐकत होते. देशाची संपत्ती कशी बाहेर वाहते आहे, याचा ताळेबंद तिथे मांडला जाई आणि हिशेबनिसाला तो चटकन समजे. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर, आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. पहिली पत्नी वारल्यावर झालेल्या दुसऱ्या विवाहातील गोपिकाबाईंना त्यांनी लिहा-वाचायला शिकवले. शिकणे आणि शिकवणे हा या माणसाचा पिंडच होता.

शस्त्रही ते रीतसर शिकले. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम प्रसिद्ध होती. मांग समाजातील या वस्तादांनी तिथे दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजीच्या विद्येत कित्येक तरुण तयार केले. ब्राह्मण कारकुनाने त्यांना गुरू करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रानात वासुदेवराव स्वतः तरुणांना तयार करू लागले. जुन्या तलवारी, भाले, मिळतील त्या बंदुका गोळा होऊ लागल्या.

इथे १८७८ चा हत्यारांचा कायदा लक्षात घ्यायला हवा. लॉर्ड लिटनच्या काळात झालेल्या या कायद्याने शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा केला. युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. घराघरातली जुनी हत्यारे एका फटक्यात गुन्ह्याचा पुरावा ठरली. आज माझे स्नेही ठरावीक ताकदीच्या आतली छऱ्याची बंदूक ओसरीवर बसून निर्धास्त पुसतात. फडक्यांना गंजकी तलवारही लपवून घासावी लागत होती.

त्यातच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. गावोगावची उपासमार वासुदेवरावांनी डोळ्यांनी पाहिली. शिकल्यासवरल्या आणि पैसेवाल्या लोकांकडे ते मदतीसाठी गेले. फारसे कुणी पुढे आले नाही. आले ते रामोशी. किल्ले आणि गावे राखण्याचा ज्यांचा पिढीजात पेशा होता आणि पेशवाई बुडाल्यावर जे उघड्यावर पडले होते, ते हे लोक. किल्लेदाराचा नातू आणि किल्ल्यांचे राखणदार पुन्हा एकत्र आले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा पडला.

पैसा उभारायचा, सैन्य उभे करायचे, टपाल, तारा आणि रेल्वे तोडायची, तुरुंग फोडायचे, असा त्यांचा बेत होता. पण बेत पंधरा वर्षे मुरलेला आणि माणसे पंधरा दिवसांत जमवलेली. भुकेल्या माणसांना लूट दिसत होती, स्वराज्य दूर होते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? वासुदेवराव निराश झाले. श्रीशैल मल्लिकार्जुनाला जाऊन त्यांनी देह ठेवायचा विचार केला. आपली हकीकत लिहून काढली. मग मागे फिरले आणि पुन्हा उभे राहिले.

मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्पे आणि चिखली इथे मोठे छापे घातले. होय, तेच पळस्पे, जिथून आज बंदराकडे ट्रेलर वळतात! सुमारे दीड लाखाची लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. दौलतराव गोळी लागून पडले आणि बंडाचा उजवा हात गेला. सरकारने फडक्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले. त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्याच शिरावर इनाम जाहीर केले. निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज जमवण्याची खटपट चालू असतानाच, जुलै १८७९ मध्ये, कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी गावी, तापाने फणफणलेले वासुदेव बळवंत पकडले गेले.

पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. विरुद्ध पुराव्यांत मोठा पुरावा होता तो त्यांच्याच हस्ताक्षरातला: आत्मचरित्र आणि रोजनिशी. जमाखर्च टिपून ठेवण्याची हिशेबनिसाची सवय बंडातही सुटली नव्हती! शिक्षा झाली जन्मठेपेची, आणि ठिकाण एडन. तिथे एकदा कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून ते निसटले, पण काही कोसांवर पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

एकशे एक वर्षांनी, १९८४ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्याच वर्षीच्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाटा परिसरात, जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले होते. या भागातल्या म्हाताऱ्यांशी बंदुकीविषयी बोलू लागलात, तर ते आधी ती गोष्ट सांगतात. ती ऐकून घेतल्याशिवाय शिरढोणची गोष्टही पुरी होत नाही.

मागच्या महिन्यात स्नेह्यांकडे गेलो तेव्हा त्यांचा नातू ती बंदूक धरून उभा होता. नळी रिकामी, दट्ट्या सैल. चाप ओढायचा नाही, नुसती माशी नारळावर धरायची, असा आजोबांचा दंडक. पोरगा कंटाळला होता आणि छरे कधी देणार, असे पुन्हा पुन्हा विचारत होता. आजोबांनी हातातले जवसाचे तेल पुसले, त्याचा कोपर थोडा वर उचलला आणि त्याला आणखी मिनिटभर उभे राहायला सांगितले.